समोरचं पान

कोर्टाच्या तळघरात ऊन येत नाही.
येतात ते पाहुणे, जूनपासून, भाड्याच्या गाड्यांतून,
काखेत फाइल, डोळ्यांत कुणीतरी मेलेलं.
मी आधी पेन्सिल देते. शाई चालत नाही इथं.
मग सांगते : हॅलम काउंटी अठराशे त्रेचाळीसात झाली,
त्याआधीचं हवं तर शेजारच्या काउंटीत जा,
आणि शेजारचं कोर्ट दोनदा जळलंय.
घर जागेवरच होतं, म्हणते मी,
रेषाच त्याच्या अंगावरून गेली.
बरेच जण इथंच हिरमुसतात.

अल्मीडा क्राउस हिरमुसली नाही.
ऑरेगनहून केंटकीत एकटी आलेली, सत्तरी ओलांडलेली, गुडघ्याला पट्टा.
चौतीस वर्षं शाळेची बस चालवली म्हणाली,
एकही मूल स्टॉपवर विसरले नाही.
तिला पणजी हवी होती. झेरेल्डा.
घरात सांगत आलेले : झेरेल्डा म्हातारपणी
एकटी आगगाडीत बसून कॅलिफोर्नियाला गेली
आणि तिथून तिनं संत्री पाठवली.
ती संत्री चार पिढ्या सोलून खाल्ली होती घरानं.

लग्नाच्या वहीत ती लगेच सापडली.
नवऱ्याची सही, वेलांट्यांची हौस असलेली,
खाली तिची फुली.
एक काडी सरळ, दुसरी घाबरून जरा वाकलेली.
अल्मीडाचं बोट कागदाकडं गेलं. मी म्हटलं, हात नको.
मग मीच वही तिच्याकडं सरकवली.

करांच्या यादीत मुलगा : हायरम क्राउस,
एकशे दहा एकर, खेचरं दोन, भिंतीवरचं घड्याळ एक.
घड्याळावरही कर होता. वेळ फुकट नव्हता.

दुसऱ्या दिवशी, साडेतीनच्या सुमारास,
मी ती वही काढली जी सहसा कुणी मागत नाही.
काउंटीचं गरीबघर. हिशेबाची वही आहे ती, माणसांची नव्हे :
मका, साबण, शवपेटीच्या फळ्या,
आणि मधेच, मक्याच्याच रकान्यात,
झेरेल्डा क्राउस, वय एकोणसत्तर, आंधळी,
गोधडी एक. मुलानं आणून सोडली.
नोव्हेंबर, एकोणीसशे तीन.

अंतर मी मोजलं नाही. तिनं मोजलं,
नकाशावर, पेन्सिलीनं, बसवाल्यांच्या सवयीनं वळणांसकट.
साडेचार मैल.
वारा बरा असला तर
हायरमचं कुत्रं भुंकलेलं ऐकू गेलं असेल, ती म्हणाली.
घड्याळाचं मी मनात म्हटलं.

वर कुणाचं तरी लग्न लागत होतं,
टाळ्या छतातून धुळीसारख्या गळत होत्या.
"आजोबांच्या कोटाला तंबाखूचा वास यायचा,
हायरम माझे आजोबा. मला फार आवडायचे.
आवडतात अजून. हीच पंचाईत."

संत्र्यांबद्दल दोघीही बोललो नाही.

प्रत काढू? पानाला पंचवीस सेंट.
काढा, म्हणाली. मग, थांबा,
समोरच्या पानाचीही.

समोरच्या पानावर तिचं कुणी नव्हतं.
लूथर, आडनाव नाही, फेफरं येतं.
बाई, नाव सांगत नाही, बहुधा जर्मन.
टिल्डा आणि मूल. मूल पुढच्या महिन्यात
फळ्यांच्या रकान्यात गेलं होतं.
"यांना न्यायला कोण येणार आहे?"

तिनं पर्समधली नाणी टेबलावर एकेक ठेवली,
सहलीहून परतताना पोरांची डोकी मोजावीत तशी,
आणि पुन्हा एकदा मोजली.

ती गेल्यावर मी वही लगेच मिटली नाही.
गरीबघराच्या त्या वहीतलं अक्षर
माझ्या आईच्या आजोबांचं. रखवालदार होते तिथं.
'सोडली'तलं ते शेवटचं अक्षर शेपटीसारखं लांबवायची त्यांची खोड
माझ्याही हातात आहे.
तिला सांगितलं नाही.

पेन्सिल ती चुकून घेऊन गेली.
नोंद करायला हवी होती.