नऊ महिने नऊ दिवस

आमचा भाडेकरार नऊ महिन्यांचा.
सप्टेंबरात किल्ली मिळते, एक जूनला परत करायची.
मग मारूसो भिंतींना चुना देते,
आमच्याच पलंगावर इस्त्रीच्या चादरी घालते
आणि पाहुण्यांकडून एका रात्रीचे तेवढे घेते
जेवढे आम्ही पंधरवड्याचे देतो.
तिचा राग नाही.
तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ह्याच खोलीनं केलं.

लेफ्तेरिस म्हणतो, हिशेब सोपा आहे.
करार नऊ महिने. मूल नऊ महिने नऊ दिवस.
नऊ दिवस कमी पडतात.
आम्ही हसतो. जरा जास्तच.
मग तो उठून
न गळणारा नळ घट्ट करतो.

मी इथल्या शाळेत शिकवते. मुलं चार.
चौथी इस्मिनी, एकटीच पहिलीत.
लपंडावात राज्य कायम तीच घेते,
कारण ती लपली तर मोठी मुलं
तिला शोधायचं विसरतात.
वर्गात बाकं एकवीस.
रिकामी सतरा मी हलवू देत नाही.
कशाला, असं साहेबांनी विचारलं,
तर म्हटलं, आवाज घुमतो.

ह्या बेटावर आता कुणी जन्मत नाही.
आठवा लागला की बाईनं बोटीत बसायचं,
मोठ्या बेटावर खोली घ्यायची (पुन्हा खोली)
आणि वाट बघायची.
वारा आठाच्या वर गेला की बोट सुटत नाही.
फ्रोसोला फेब्रुवारीत हेलिकॉप्टरनं उचललं.
बाळ सुखरूप. आता दुडूदुडू पळतं.
तरी रेडिओवर वाऱ्याचा आकडा लागला
की तिचा हात पोटाशी जातो.

धक्क्यावरचे म्हातारे कॉफी ढवळत म्हणतात,
हल्लीच्या पोरी आपल्यापुरतं बघतात.
सरकार म्हणतं, अनुदान वाढवलं.
मी मोजून पाहिलं:
ऑगस्टातल्या आमच्या खोलीच्या अकरा रात्री.

उन्हाळाभर आम्ही सासूकडे, पलीकडच्या किनाऱ्यावर,
स्वयंपाकघरात गादी टाकून.
कल्लिरोई. दोन खोल्या, पाच बाळंतपणं.
मला वाटलं, तीही ऐकवणार.
ती शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली,
"रात्री तुम्ही बोलता. ऐकू येतं मला.
आमच्यात बोलणं नव्हतं.
हवं का, म्हणून कुणी विचारलंच नाही कधी."
दोन शेंगा गेल्या.
"विचारलं असतं तर
तिघांना हो म्हटलं असतं बहुतेक."

लेफ्तेरिस चौथा.
बाहेर शिडीवर उभा राहून
तिचा दिवा दुरुस्त करत होता, शीळ घालत.
तिनं त्याच्याकडे पाहिलं
आणि सगळ्यांत मोठी शेंग बाजूला ठेवली, का कोण जाणे.

खरं सांगू, खोली बारा महिन्यांची झाली
तरी मी काय म्हणेन, मलाच ठाऊक नाही.
कधी इस्मिनीची वेणी घालताना बोटं रेंगाळतात.
कधी शाळा सुटल्यावरची दुपार
इतकी माझी असते
की तिच्यात दुसरी चप्पलसुद्धा नको वाटते.
हे अनुदानाच्या फॉर्मवर कुठे लिहायचं?

ह्या सप्टेंबरात दार उघडलं
तर कपाटामागे घडीचा पाळणा.
पाहुण्यांच्या बाळांसाठी, रात्रीचे जादा पैसे घेऊन.
मारूसो न्यायची विसरली.
लेफ्तेरिसनं त्यावर टॉवेल वाळत घातले.
मी ते काढले.
त्यानं पुन्हा घातले नाहीत.

आज ऑक्टोबरची एकोणीस.
मारूसोला फोन करायचा राहिलाय.