मॅचिंग

लहेरीपुरा दरवाजातून आत आलं की
डाव्या हाताचं तिसरं, किरीटभाईंचं मॅचिंग सेंटर.
तिथे मी अकरा वर्षं रुबियाचे तागे उलगडते.
बाईनं पदराचं टोक पुढे केलं
की न बघता माझा हात जातो
चारशे खणांतल्या नेमक्या एका खणात.
राणी आणि मजेंटा यांतलं अंतर
मी झोपेतही दाखवीन.

आणि मंगळवारी सकाळी
दुकानामागच्या, कडी न लागणाऱ्या संडासात,
एका पायानं दार दाबून धरत
मला माझाच रंग सांगता येईना.

एवढासा. रुपयाएवढाही नाही.
सहा आठवडे नि दोन दिवस.
घरी सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही,
तीन महिन्यांच्या आत तोंडातून काढायचं नसतं.
म्हणजे विचारायची गरज सगळ्यात जास्त
तेव्हाच विचारायला कुणी नसतं.
हा नियम ज्यानं केला
तो कधी असं दार दाबून उभा राहिला नसणार.

फोनवर डॉ. पंड्यांची सिस्टर:
"बेन, कलर केवो छे?"
मी म्हटलं, लाल.
आणि लगेच स्वतःचाच राग आला.
गिऱ्हाईक नुसतं लाल म्हणालं तर मी हसते.
पुन्हा पाहिलं, झरोक्याकडे तिरकं धरून,
जसं कापड दुकानाबाहेर नेऊन दाखवते,
ट्यूबलाइट खोटं बोलते म्हणून.
"लाल नाही. काथ.
कडेला गेरू. मध्ये जरासा जुना विटकरी."
ती क्षणभर गप्प.
"एटले ब्राउन."
हो. ब्राउन.

ब्राउन म्हणजे बहुतेक जुनं रक्त,
बाहेर यायला वेळ लागलेलं.
चौघींतल्या एकीला होतं, ती म्हणाली,
पुष्कळजणींचं पुढे नीट होतं,
पण लालभडक होऊन पॅड भिजायला लागलं,
एका कुशीत कळ उठली, खांदा दुखला, चक्कर आली,
तर रात्रीचे दोन असोत, निघायचं.
नाहीतर उद्या दहाला या.
हे मी बिलाच्या पाठीवर लिहून घेतलं.
पुढच्या बाजूला: रुबिया सव्वा मीटर, अस्तर, फॉल.

हंसाबेननं स्टूल माझ्याकडे सरकवलं.
तिला मी काहीच बोलले नव्हते.
फॉलची घडी घालता घालता म्हणाली,
"मनेय थयेलुं. बे वार.
एकदा जिगर राहिला.
एकदा नाही राहिलं.
डाग? डाग सेम ज हतो."

अकरा वर्षांत पहिल्यांदा
दोन अगदी सारखे तुकडे शेजारी ठेवले
आणि ते मॅच होईनात.

रात्री रणधीर एवढंच म्हणाला,
"तू जड काही उचललंस का?"
मी रात्रभर तागे मोजले.
सकाळी डॉक्टरीणबाई स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाल्या,
ताग्यानं नाही होत. जिन्यानं नाही. पपईच्या फोडीनं नाही.
रणधीर कानाची पाळी खाजवत भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिला.
मग त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला:
करड्यात काळं,
काळ्यात काहीतरी लुकलुकतंय.
"आज आहे. गुरुवारी पुन्हा बघू."
आज आहे.
ह्याच्यापुढे त्या एक अक्षर बोलल्या नाहीत,
आणि मला ते आवडलं.

आता गुरुवारपर्यंत दर तासाला मी मागे जाते.
काल काथ. आज सकाळी साय घातलेला चहा.
दुपारी काही नाही, आणि काही नाही म्हणूनही भीती.
समोर नवरीची आई शालू घेऊन बसलीय,
तिला हाच लाल हवा, ह्याच्या एक सूत इकडेतिकडे नको.
काढते, म्हटलं. दोन मिनिटं.

संडासाच्या दाराला कुणीतरी नवी कडी लावलीय.
किरीटभाई हिशेबाच्या वहीतून वर बघत नाहीत.
हंसाबेन बटणं मोजतेय.
मी आतून कडी घालते.
दोन्ही पाय जमिनीवर,
दोन्ही हात मोकळे.
झरोक्याकडे तिरकं धरून
बघते.