रेघ

दिवसभर मी क्रेनच्या केबिनमध्ये बसते,
लिएपायाच्या बंदरात, धक्क्यापासून चाळीस मीटर वर.
खोके उचलते, खोके ठेवते.
आत काय आहे ते विचारायचं नाही.
सील बघायचं, नंबर बघायचा, वारा बघायचा.
सव्वीस वर्षांत एकही खोका
आतून बोलला नाही.

हा बोलतो.
म्हणतो, फोल्डर रिकामं आहे.

दुसऱ्या डिस्कवर दोनशे बारा जीबी गेम्स आहेत,
मला धडधडीत दिसतायत.
फाइल मॅनेजर म्हणतो आहेत, हा म्हणतो नाहीत,
आणि गंमत म्हणजे दोघंही खोटं बोलत नाहीत.

गिर्त्सनं हे लिनक्स बसवून दिलं तेव्हा सांगितलं होतं,
मावशी, हे ॲप पेटीत राहतं.
बाहेरचं त्याला दिसू नये, म्हणून तर पेटी.
मी कांदा चिरत होते. हो हो म्हटलं.

आता तो ॲबर्डीनला.
गेममध्ये आमची एक मासेमारी बोट आहे, निम्मी माझी.
दर शुक्रवारी तो इंजिन चालू करून थांबतो.
आजही थांबलाय, फोन स्पीकरवर.
इथूनच तुझ्या मशीनमध्ये शिरतो, म्हणतो, दोन मिनिटांचं काम.
हात लावू नकोस, मी म्हणते.

टर्मिनल उघडते. ॲप तिथून चालवते.
झोपेत बरळणाऱ्या माणसासारखं ते बोलत सुटतं:
अमुक फॉन्ट नाही, तमुक लायब्ररी नाही,
साठ ओळी नुसती कुरकुर, जिचं कुणालाच काही वाटत नाही.
एकसष्टावी:
परवानगी नाही.

एक सोपा उपाय असतो.
अख्खं मशीन खुलं करून द्यायचं, एका शब्दाचं काम.
तो शब्द मी लिहिते. आणि खोडते.
आइवार्स या घरात सात वर्षं राहून गेलाय,
सगळी दारं उघडी टाकल्यावर काय होतं
ते मला कुणी शिकवू नये.

म्हणून एकच वाट.
दोन बोटांनी टाइप करते, डिस्कचं नाव, तिरपी रेघ, फोल्डरचं नाव.
एंटर.
काहीच नाही. ना होकार, ना नकार.
क्रेनचा हुक चुकला तर बझर तरी वाजतो.

फोल्डर रिकामं.

मग लक्षात येतं, खिडकी बंद केली तरी ॲप मेलेलं नव्हतं,
खाली कोपऱ्यात गुपचूप जागं होतं,
जुन्याच परवानग्या उराशी धरून.
त्याला मारते. पुन्हा चालवते.

रिकामं.

बाहेर वारा. खिडकीचं तावदान थडथडतंय.
झालं का, गिर्त्स विचारतो.
तू जाळं विणत बस, म्हणते.

साडेबाराला दिसतं.
'स्पेलेस' मधल्या पहिल्या ए वरची आडवी रेघ
मी दिलीच नव्हती.
आमच्या भाषेत त्या एका रेघेवाचून
लग्नाच्या शेळ्या होतात, खरंच, काझासचं कझास.
अन् या यंत्रानं, जे फोल्डर जगात नाही
त्याची परवानगी मुकाट्यानं लिहून घेतली होती.

रेघ देते.

एकेक चित्र उगवतं. बोट.
डेकवर पिवळा रेनकोट घातलेला तो,
पाठमोरा, केव्हाचा भिजत उभा.

काय झालं होतं गं?
एक रेघ राहिली होती.
हसतो. मग दर शुक्रवारी विचारतो तेच,
बाकी सगळं ठीक?

ठीक, हे माझं ठरलेलं.
ओठांवर आलंही होतं.

उजवा गुडघा, मी म्हणते.
केबिनची शिडी चढताना मध्ये दोनदा थांबावं लागतं.
कुणाला सांगितलं नाही अजून.
तुलाही नुसतं वाचायला देतेय,
बदलायला नाही. आईला फोन करायचा नाही.

पलीकडे इंजिनाची घरघर, खोटी.
त्याचा श्वास, खरा.

बरं, म्हणतो थोड्या वेळानं.
सुकाणू तू घे. मी जाळं बघतो.