पाणी कुठं मुरतं

वडील पाणाडे होते.
विलार दा सिल्वेइराच्या चढावरल्या सत्तावीस विहिरी त्यांच्या,
म्हणजे खणल्या इतरांनी,
वडील फक्त चालले
आणि थांबले.

ऑलिव्हची बेचकी, दोन्ही तळवे आभाळाकडे,
ओठात विझलेली सिगरेट,
मागून सगळं गाव,
चर्चमध्येसुद्धा इतकं गप्प नसायचं.
मग बेचकी खाली वाकायची,
कुत्र्याला वास लागावा तशी.
"इथं," म्हणायचे, आणि थुंकायचे.
त्या थुंकीवर लोक खुंटी ठोकत.
पैसे घेत नसत; घेतले तर हातातलं जातं म्हणे.
वाईन घेत. डुकराची मांडीही घेत, आढेवेढे न घेता.

मी पोर्तूला जाऊन भूजल शिकले.
पहिल्याच वर्षी कळलं, आमच्या ग्रॅनाइटला
इतक्या भेगा आहेत की डोळे मिटून दगड भिरकावला
तरी बहुतेक वेळा तो पाण्यावरच पडेल.
सुट्टीत घरी आले ती हे सांगायलाच.
आई म्हणाली, आधी जेवून तर घे.

कोठारात दहा बादल्या मांडल्या, वर गोणपाट.
तिनांत पाणी.
त्यांनी तीन दाखवल्या. एक बरोबर निघाली.
"एक तर शेळीलाही सापडली असती, बाबा."
त्यांनी बेचकी भिंतीला टेकवून ठेवली.
"बादलीतलं पाणी वाहत नाही, पोरी. ते मेलेलं.
मेलेल्यांशी बोलायचं काम इर्मेलिंदाचं, माझं नाही."
आणि हसले, खोकला येईपर्यंत.
इर्मेलिंदाबाई दर शुक्रवारी
गावच्या मयतांचे निरोप आणायच्या,
कुणाला जमिनीचा तंटा, कुणाला हरवलेली किल्ली.
"मेलेला माणूस बोलतो? काहीतरीच!" वडील म्हणायचे,
खिशात बेचकी ठेवून.

पुढं त्यांचे हात थरथरू लागले.
डॉक्टरनं त्याला आडनाव असल्यासारखं एक लांब नाव दिलं.
सूप टेबलावर सांडायचं, शर्टाचं बटण लागायचं नाही.
एकदा मीच त्यांच्या मुठीत बेचकी दिली,
का दिली, अजून सांगता येत नाही मला.
ती अंगणात, स्वयंपाकघरात, जिन्यावर,
पलंगाच्या कडेलासुद्धा वाकत राहिली.
ते म्हणाले, "बघ, आता सगळीकडे पाणी."
मी खिडकी लावायला उठले.
खिडकी लागलेलीच होती.

ते गेले त्याच्या तिसऱ्या उन्हाळ्यात
सत्तावीसातल्या एकोणीस आटल्या.
नगरपालिकेनं मला बोलावलं, यंत्र दिलं, ट्रक दिला.
चार दिवस मी तारा अंथरल्या,
खडकाचा विद्युतरोध मोजला,
नकाशावर दोन खुणा उरल्या, अ आणि ब.
दोन्ही सारख्याच. आकड्यांना काही पडलेली नव्हती.

सकाळी इर्मेलिंदाबाई काठी टेकत चढ चढून आल्या,
तोंडाचं बोळकं, पायात मुलाचे बूट.
"आदेलिनु म्हणतो, डावीकडे."
ड्रिलवाला पोरगा माझ्याकडे बघत राहिला.
मी म्हटलं, बाई, उन्हात उभ्या राहू नका.
आणि ट्रक डावीकडे घ्यायला सांगितला.
ब डावीकडेच होती.

एकेचाळीस मीटरवर पाणी लागलं, आधी चिखल, मग राखाडी,
मग इतकं नितळ की पोरग्यानं हेल्मेटात धरून प्यायलं.
अहवालात मी लिहिलं,
अ या ठिकाणीही पाणी लागण्याची शक्यता तितकीच होती.
हे खरं आहे. कुणीही तपासावं.

वडील असते तर पोट धरून हसले असते,
"शिकलीस एवढी, आणि पाणी शोधलंस
मेलेल्या माणसाचं ऐकून?"

नाही, बाबा.
ब मी आदल्या रात्रीच ठरवली होती.
वहीत गोल करून ठेवली आहे, निळ्या शाईत,
हे बघा पान.
फक्त त्या पानावर
तारीख घालायची राहिली.