खोली मोजलेली नाही

हाचिनोहे बंदराच्या मागच्या गल्लीत
जुन्या गेमचं दुकान आहे. काउंटरवर दोरीनं बांधलेली वही,
पेनालाही दोरी.
पेनं जातात, वही राहते, असं तोयोगुचीबाई म्हणतात.
मी तिथे मागच्या टेबलावर सोल्डरिंग करतो,
जुन्या कॅसेटमधली नाण्याएवढी बॅटरी बदलून देतो.
बॅटरी काढली की आतलं सगळं पुसलं जातं.
हे मी आधीच सांगतो. नंतर रडणारे पाहिलेत.

वहीत एकाच गेमवर बहात्तर पानं:
'एकेचाळिसावा तळ'.
चंद्राच्या पोटात गाडलं गेलेलं जहाज,
सहा जणांची तुकडी, मोजका प्राणवायू,
आणि खाली, आणखी खाली जाणारे जिने.

पहिलं मत, अक्षर शाळकरी:
"हा गेम माणसांसाठी केलेलाच नाही.
तिसऱ्या तळावर मला झाडू मारणाऱ्या यंत्रानं मारलं.
झाडू मारणाऱ्या!"
खाली हिरव्या शाईत:
"त्याच्या वाटेत उभा राहू नकोस. त्याला कामं आहेत."

गोनोहे, स्क्विडच्या बोटीवरचा इंजिनवाला:
"बाविसाव्या तळावरची घरघर
बेअरिंग गेलेल्या पंपाचीच आहे.
ज्यानं हा आवाज केला तो कधीतरी इंजिनरूममध्ये झोपलाय.
गोष्ट वाचली नाही. पाचपैकी पाच."

मियोरी, रात्रपाळीची नर्स:
"यातलं वैद्य-यंत्र 'जखम बंद झाली' म्हणतं.
'बरी झाली' म्हणत नाही.
एवढ्यासाठी मी हा गेम कधी विकणार नाही."
सहा पानांनंतर तेच अक्षर:
"विकला. भाडं थकलं होतं.
ज्यानं घेतला असेल त्यानं दुसरी फाइल पुसू नये, ही विनंती."
त्याखाली पेन्सिलीनं:
"पुसली नाही. तुमच्या सहाही जणांना
पहिल्या तळावर निजवून ठेवलंय. चिगुसा, इयत्ता आठवी."

ती पोरगी कॅसेट घेऊन माझ्याकडे आली होती.
बॅटरी मरायला टेकलेली.
दुसरी शेजारी जोडून, प्रवाह तुटू न देता
पहिली काढली. हात माझा थरथरला,
तिचा नाही. पैसे अर्धेच घेतले.

आणि मग एकतिसावा तळ.

कुझुमाकी आजोबांनी चाळीस वर्षं समुद्राचे नकाशे काढले.
गेम खेळतो त्यांचा नातू. आजोबा शेजारी बसून
आलेखवहीवर भिंती आखतात.
सगळे तळ जुळले. एकतिसाव्यावर मधोमध
तीन बाय तीन, नऊ चौकोन उरले:
चहूबाजूंनी भिंत, दार कुठेच नाही.

"आत खरा शेवटचा शत्रू आहे."
"आत काही नाही. करणाऱ्यांची मेमरी संपली."
"मी भिंतीला चारशे वेळा धडकलो.
एका जागी 'धप्प' वेगळा येतो."
"येत नाही."
"येतो."
"येत नाही, कानात मळ आहे तुझ्या."
मग तोयोगुचीबाईंचं ठसठशीत अक्षर:
"वहीत भांडू नये. अंगात जोर असेल तर
दाराशी बर्फ साचलाय, फावडं भिंतीला टेकवलंय."

मार्चमध्ये आजोबांनी आपला नकाशा वहीत चिकटवला.
काळी शाई, केसाइतकी बारीक रेघ, एकही खाडाखोड नाही.
नऊ चौकोन कोरे. त्यांत मुंगीएवढ्या अक्षरांत,
जिथे शिशाची दोरी पोचली नाही तिथे
आयुष्यभर लिहीत आले तेच:
'इथली खोली मोजलेली नाही.'

मत म्हणून एवढंच. गुण दिले नाहीत.

पुढे दोन महिने कुणी काही लिहिलं नाही.
मग गोनोहे, ग्रीसचा अंगठा उमटलेला:
"पुन्हा जाऊन आलो. धप्प वेगळाच आहे."

आणि काल, पेन्सिलीनं, घाईघाईत:
"एकतिसाव्यावर उभी आहे. तशीच थांबवून आलेय.
प्राणवायू अकरा पावलांचा.
जिन्यापर्यंत चौदा पावलं.
भिंत एका पावलावर.
मत नंतर लिहीन."