बघण्याचा कार्यक्रम

रविवारी अकराला घर बघायला लोक येतात.
कल्पेश एजंट खालूनच फोन करतो, "ताई, दोन मिनिटं,"
आणि त्या दोन मिनिटांत मी
दोरीवरचे परकर ओढते, ओजसचा पसारा कॉटखाली लोटते,
शिट्टी व्हायच्या आत कुकर बंद करते.
दुसऱ्याच्या घरात पकडले गेल्यासारखं.

लग्नाआधी माझे असे सात कार्यक्रम झाले.
तेव्हा निदान प्रश्न मला विचारायचे.
आता भिंतीला विचारतात.
एका काकांनी फरशीवर टाच आपटून पाहिली.
एका बाईंनी मोरीतला नळ सोडला, थेंब नाही.
त्या कल्पेशकडे वळल्या. तो म्हणाला, "पाणी फुल्ल आहे."
कोपरखैरण्याच्या या गल्लीत पाणी पहाटे पाच ते सव्वासहा.
मला कुणी विचारलं नाही.

मला बरंच माहीत आहे.
कपाटामागे ओल कुठून उतरते,
कुठल्या बटणाला ओल्या हाताने शिवायचं नाही,
वरच्या कासार आजोबांचा खोकला रात्री कितीला थांबतो.
मढवीशेठना यातलं काही ठाऊक नाही.
ते उलव्याला राहतात. दर पाच तारखेला
मोबाइलवर अंगठा पाठवतात, म्हणजे भाडं पोचलं.
या वेळी अंगठ्याखाली एक ओळ होती:
"भाव चांगला आला तर बघू."

त्या "बघू"वर आम्ही तीन आठवडे कूस बदलत काढले.
दयानंद म्हणे, करार मार्चपर्यंत आहे, काढतीलच कसे?
मी म्हणे, आणि डिपॉझिट?
सत्तर हजार. त्यात माझ्या दोन पाटल्या आहेत.

सेक्टर पंधराला, झेरॉक्सच्या दुकानावर, काझी मॅडम बसतात.
मी लॅबसाठी घरोघर रक्त घेते, शीर चाचपते,
तसं त्यांनी चौदा पानांवरून बोट फिरवलं.
म्हणाल्या, "कागदावर तुम्ही भाडेकरू नाहीच.
लिव्ह अँड लायसन्स. म्हणजे अनुमती.
शेठनी तुम्हाला इथं असू दिलंय, इतकंच."
पाच वर्षं.
ओजसचे दुधाचे दात इथं पडले,
तेही अनुमतीनं.

"आणि विकलं तर?"
"नवा मालक हा कागद मानेलच असं नाही."
मग चष्मा काढून पुसत,
"म्हणून गप्प बसायचं नाही. महिन्याची नोटीस लिहिलेली आहे, ती लेखीच मागा.
डिपॉझिट जुना देणार की नवा, तेही लेखी.
पैसे हातात पडेपर्यंत किल्ली हातात ठेवा.
आणि ही माणसं कधीही कशी येतात हो?
आतली कडी तुमची आहे."
फी विचारली तर म्हणाल्या, "जमेल तेव्हा माझी शुगर बघा."

आतली कडी माझी आहे.
एनएमएमटीच्या स्टॉपपर्यंत मी हेच पुटपुटत आले.

रात्री मेसेज लिहिला, चारदा खोडला.
आधी तीन "कृपया" होते, शेवटी एक राहिला.
"घर दाखवायचे असल्यास आदल्या दिवशी कळवावे.
अनामत रकमेबाबत लेखी द्यावे."
दोन निळ्या खुणा उमटल्या.
उत्तर नाही. अंगठाही नाही.

शनिवारी संध्याकाळी कल्पेश:
"ताई, उद्या चालेल ना?"
चालेल ना! मी फोन कानाला धरून
कणीक तिंबून संपवली, मग म्हटलं,
"साडेबारानंतर."

या वेळी एक मुलगीच आली, पाठीवर सॅक, एकटी.
घणसोलीत भाड्यानं राहते म्हणाली, तिथलंही विकायला काढलंय.
कर्ज मंजूर होतंय कसंबसं, बाबांचा पीएफ मोडून.
तिनं चपला दाराबाहेर काढल्या.
नळ सोडला नाही, भिंत ठोकली नाही.
मला विचारलं, "ताई, पाणी कितीला येतं?"

कल्पेशनं तोंड उघडलं.
मी म्हटलं, "पाच ते सव्वासहा. पहाटे."
मग तिला आतल्या खोलीत नेलं,
म्हटलं, जरा हात लाव,
आणि दोघींनी मिळून कपाट सरकवलं.