समक्ष

तुर्भ्याच्या लॉजवर, रात्री पावणेबाराला
पंचनामा लिहायला बसले:
एक गादी, दोन मोबाइल,
नंबर टिपलेल्या पाचशेच्या चार नोटा.
पंच म्हणून उठवून आणलेला पंक्चरवाला
सारखा म्हणत होता, दुकान उघडं राहिलंय.

व्यवसायाच्या रकान्याशी पेन अडलं.
पीडित लिहा, साहेब म्हणाले.
मी पान उलटलं.

मार्चमध्ये वाशीला शिबिर झालं होतं.
एक म्हणाले, गिऱ्हाईक धरा, बाई आपोआप सुटेल.
एक बाई म्हणाल्या, परवाना द्या.
तिसरे, कायदाच काढा मधून.
मी सगळं वहीत उतरवलं.
पुलाव बरा होता.

हुलिगेम्मा, वय चौतीस.
"सुधारगृहात किती दिवस?
पाच तारखेला भाडं आहे.
आणि शिवण नका शिकवू, मॅडम,
मागच्या वेळीच शिकवलंत."

शेजारच्या खोलीतलं गिऱ्हाईक
मागच्या जिन्यानं अनवाणी गेलं.
त्याच्या चपला मुद्देमालात घ्यायच्या का,
कुणी सांगेना.

अंगठा नको म्हणाली, सही येते.
कानडीत केली, सावकाश,
माझं पेन घट्ट धरून.
खाली मी लिहिलं:
समक्ष.